आयरिसची पाती दाट, फुलं मोजकी: वाफा उकरायचा का?

मृणाल_एनजे | २८ मे

नमस्कार मंडळी,

आम्ही न्यू जर्सीतल्या या घरात हिवाळ्यात राहायला आलो. मागच्या कुंपणाला लागून आयरिसचा लांबलचक पट्टा आहे. शेजारच्या आजी सांगतात, आधीच्या मालकीणबाईंनी तो फार हौसेने लावला होता आणि मे महिन्यात येणारे-जाणारे थांबून बघायचे. यंदा मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन तिकडे चक्कर मारत होते. पाती गुडघ्याच्या वर, हिरवीगार, नुसती गर्दी. पण फुलांचे दांडे आले ते फक्त पूर्वेच्या टोकाला.

जी आली ती मात्र काय सांगू! वरच्या उभ्या तीन पाकळ्या फिकट पिवळ्या, खाली झुकलेल्या तीन निळ्या-जांभळ्या आणि त्यांच्यावर केशरी दाढी, म्हणजे मऊ केसांचा पट्टा. एका दांड्यावर एकामागून एक कळ्या उमलत होत्या. तेव्हाच ठरवलं की हा पट्टा पुन्हा उभा करायचाच.

आता प्रश्न:
वाफा पूर्ण उकरून कंद वेगळे करू का? केले तर कधी? लॉनवाल्यांनी त्यावर काळ्या मल्चचा (माती झाकायच्या आच्छादनाचा) जाड थर पसरलाय, तो ठेवू की काढू? आणि आई पुण्याला असते. तिला फोटो पाठवल्यापासून ती मागे लागली आहे, 'येताना दोन कंद घेऊन ये.' पुण्यात येतील का?

बागेश्री | २८ मे

फोटो टाक गं. आणि एक बघ, कंदाची पाठ मातीच्या वर दिसते का?

मृणाल_एनजे | २९ मे

फोटो वर टाकलेत. नाही, काहीच दिसत नाही. मल्च हाताने बाजूला केला तर खाली एकावर एक चढलेले कंद, काही अगदी पोकळ, सुकलेले. पूर्वेच्या टोकाला मल्च पोचलेलाच नाही आणि फुलं तिथेच आली आहेत.

बागेश्री | २९ मे

मग तुझं उत्तर तूच दिलंस की. मल्च आजच्या आज काढ.

नाना_ओरेगॉन | २९ मे

मृणाल, बागेश्रीला अनुमोदन. मल्च आज काढा, वाफा मात्र आज उकरू नका.

फुलं का येत नाहीत ते आधी सांगतो, म्हणजे बाकीचं आपोआप उलगडेल. दाढीवाल्या आयरिसचा कंद आयुष्यात एकदाच फुलतो. ज्या कंदातून यंदा दांडा आला त्यातून पुन्हा कधीही येणार नाही. त्याच्या दोन्ही अंगांना जी पिल्लं फुटतात ती वाढून पुढे फुलतात. तीन-चार वर्षांत मधे सगळे म्हातारे कंद आणि कडेला नव्या पिल्लांची रेटारेटी अशी अवस्था होते. पिल्लांना ना जागा, ना ऊन. वरून मल्च टाकला की कंद ओला राहतो आणि उन्हाने तापत नाही. या झाडाला दिवसाचं सहा तास तरी थेट ऊन हवं, आणि ते पात्यांइतकंच कंदाच्या पाठीलाही लागतं.

वेळ: फुलं संपल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी. तुमच्याकडे जुलैचा उत्तरार्ध ते ऑगस्टअखेर. त्या काळात झाड जरा सुस्तावलेलं असतं, आणि थंडी पडायच्या आत नवी मुळं धरायला पुरेसा अवधी मिळतो.

कृती: फोर्क जरा लांबून घालून अख्खा गड्डा उचला. पाइपच्या पाण्याने माती धुऊन काढा. आता कोणता कंद कुठून निघालाय ते स्पष्ट दिसेल. बिनपात्यांचे म्हातारे कंद, पोकळ कंद, दाबल्यावर मऊ लागणारे कंद सरळ कचऱ्यात. हाताला टणक लागणारे, पात्यांचा पंखा आणि ताजी पांढरी मुळं असलेले तेवढे ठेवायचे. पाती सहा इंचांवर छाटायची, कारण मुळं तुटलेली असताना एवढी पाती पोसणं त्यांना जड जातं. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी अशा मिश्रणात जरा बुडवून सावलीत दिवसभर सुकू द्या. सुरीसुद्धा प्रत्येक गड्ड्यानंतर त्यातच बुडवायची.

लावताना खड्ड्याच्या मधोमध मातीचा छोटा वरंबा करा. कंद वरंब्यावर बसवा, मुळं दोन्ही बाजूंच्या सरीत सोडा, मुळांवर माती घट्ट दाबा. कंदाची पाठ उघडी दिसली पाहिजे. दोन कंदांत फूट-दीड फूट अंतर. एकदा भरपूर पाणी, मग नवं पान दिसेपर्यंत बेताने, आणि पुढे पावसावर सोडून द्यायचं.

लावल्यानंतरच्या पहिल्या मे महिन्यात फुलं कमीच येतील. त्याने खट्टू होऊ नका, खरी बहार दुसऱ्या वर्षी.

चित्रा_शिकागो | २९ मे

नाना, तुमचा प्रतिसाद वाचनखुणांत साठवला. एकच शंका. आमच्याकडे सगळेजण फुलं संपली की लगेच पाती पंख्यासारखी कापून टाकतात. वाफा किती नीटनेटका दिसतो! मग उन्हाळ्यात तसं केलेलं चालतं ना?

नाना_ओरेगॉन | ३० मे

चित्रा, उपटून पुन्हा लावणार असाल तरच पाती छाटायची. एरवी अजिबात नाही. पुढच्या वर्षीच्या पिल्लांचं अन्न उन्हाळाभर त्या पात्यांतच तयार होतं. सुकलेलं, डाग पडलेलं पान काढा, फुलाचा दांडा मुळापाशी मोडा, बस्स.

चित्रा_शिकागो | ३० मे

आमच्या गल्लीत हे सांगितलं तर मारामारी होईल. :) पण पटलं. यंदा अर्धा वाफा कापते, अर्धा तसाच ठेवते आणि इथे येऊन सांगते.

सातारकर_शेखर | ३० मे

ताई, मी आयरिस लावलेला नाही पण कंद म्हटलं की आम्ही आलो. लावणीच्या वेळी चांगलं कुजलेलं शेणखत भरपूर घाला. कंद पोसतो.

बागेश्री | ३० मे

शेखरदादा, इथे शेणखत नको हो. नत्र जास्त झालं की पाती माजतात, कंद लुसलुशीत होतो आणि कुजतो. मृणालच्या वाफ्यातली पाती बघा, शेजारच्या लॉनला मारलेलं खत तिकडे झिरपत असणार. द्यायचंच तर लवकर वसंतात कमी नत्राचं, म्हणजे ५-१०-१० (नत्र-स्फुरद-पालाश) सारखं, तेही कंदावर न पडता बाजूने.

सातारकर_शेखर | ३० मे

असं आहे होय. मग एक गोष्ट आमच्यासारखीच आहे. आल्याच्या रानात पाणी साचलं की कंदकूज लागते, आणि एकदा लागली की वास मारतो, गड्डा हातात चिखलासारखा येतो. म्हणून आता सगळे गादीवाफ्यावर लावतात. तुम्हीही वाफा उंच करा.

देवकी_पेनसिल्वेनिया | ३१ मे

शेखरदादांचं वर्णन तंतोतंत! आयरिसची कूजही अशीच, जिवाणूंमुळे होणारी, घाणेरड्या वासाची. पण पूर्व अमेरिकेत तिला आत शिरायला वाट करून देणारी एक अळी आहे, तिच्याबद्दल अजून कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. आयरिस बोरर.

हिचा पतंग शरद ऋतूत सुकलेल्या पात्यांवर अंडी घालतो. वसंतात अंडी फुटतात, बारीक अळी कोवळ्या पात्यात शिरते आणि आतल्या आत पोखरत खाली उतरते. जुलैपर्यंत ती कंदात पोचते, तोवर चांगली जाडजूड, गुलाबीसर झालेली असते. कंद आतून खाऊन टाकते आणि मागून कूज येते. वरून झाड पिवळं पडेपर्यंत पत्ता लागत नाही.

मे महिन्यात पात्याच्या कडा कुरतडलेल्या दिसल्या किंवा पात्यावर ओलसर, अर्धपारदर्शक रेघ दिसली की समजायचं. मी ते पातं अंगठा आणि तर्जनीत धरून वरपासून खालपर्यंत दाबत येते. मधेच एक छोटी गाठ लागते. तीच अळी. जोरात दाबायचं. किळस येते, पण औषध मारण्यापेक्षा हे बरं, कारण फुलांवर मधमाश्या असतात.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे कडक थंडी पडून पाती वाळली की वाफ्यातला पालापाचोळा झाडून पिशवीत भरून बाहेर. कंपोस्टमध्ये टाकायचा नाही. अंडी त्यातच असतात.

मृणाल, जुलैत कंद धुताना प्रत्येकाला भोक आहे का बघ.

नाना_ओरेगॉन | ३१ मे

देवकी, बरं झालं लिहिलंत. आमच्या बाजूला, रॉकी पर्वताच्या पश्चिमेला, या अळीचा त्रास नाही, म्हणून माझ्या डोक्यात ती येतच नाही. आमचं दुखणं पात्यांवरच्या बुरशीच्या डागांचं.

तुषार_एडिसन | ३१ मे

हरणं? आमच्या बागेत होस्टा, ट्युलिप काही म्हणता काही उरत नाही. आयरिस लावला तर तोही जेवणार का ती?

देवकी_पेनसिल्वेनिया | ३१ मे

बहुतेक वेळा सोडून देतात. माझ्याकडे कुंपण नाही, हरणं रोज येतात, कधीतरी एखादी कळी तोडतात तेवढंच. मात्र घरात कुत्रा-मांजर असेल तर उकरलेले कंद अंगणात टाकून ठेवू नका. चावले तर त्यांना उलट्या होतात.

सुलभाकाकू | १ जून

मृणाल, तुझ्या आईच्या प्रश्नावर मी बोलते, कारण मी पुण्यात आहे आणि ही हौस मी पुरेपूर केलेली आहे.

दाढीवाला आयरिस पुण्यात फुलत नाही. पाती येतील, एखादा पावसाळा काढेलही, पण फुलाची कळी धरायला त्याला हिवाळ्यात कित्येक आठवडे सलग कडाका लागतो. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे दहा अंशांच्या खाली पारा गेला तरी दुपारी अठ्ठावीस-तीस. त्यात त्याची थंडी होत नाही. आणि जूनपासून चार महिने जो पाऊस आहे त्यात कंद कुजतो. महाबळेश्वरला थंडी जरा बरी, पण पाऊस बघा! तिथे तर विचारच नको.

मग काय लावायचं? वॉकिंग आयरिस. मजेचं झाड आहे. फुलाच्या दांड्याच्या टोकावरच पिल्लू धरतं, त्याच्या वजनाने दांडा वाकून जमिनीला टेकतो आणि तिथे नवं झाड उभं राहतं. असं करत करत वाफाभर फिरतं. फूल एकच दिवस टिकतं पण एकाच दिवशी बरीचशी उमलतात. माझ्या गच्चीत पूर्वेकडच्या कुंड्यांमध्ये आहे, दुपारच्या उन्हापासून जरा जपावं लागतं. दुसरं म्हणजे डाएटिस, पांढऱ्या किंवा पिवळट फुलांचं आफ्रिकेतलं झाड, एकदम काटक.

आणि आईला खरा आयरिसच हवा असेल तर ब्लॅकबेरी लिली लावायला सांग. केशरी फूल, त्यावर लाल ठिपके, नंतर बोंड उकलून काळीभोर चमकदार बी. पूर्वी तिला बेलामकॅंडा म्हणत, २००५ मध्ये वनस्पतीशास्त्रज्ञांनी तिला आयरिसच्या कुळशाखेत घेतलं आणि नाव झालं आयरिस डोमेस्टिका. ती बियांपासून सहज येते आणि थंडीचा हट्ट धरत नाही.

निनाद_कृषी | १ जून

काकूंना पूर्ण अनुमोदन, आणि एक इशारा. सामानातून कंद आणू नका. भारतात लागवडीसाठी कंद, रोपं आणायची तर २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशाप्रमाणे आधी आयात परवाना आणि निघालेल्या देशाचं फायटोसॅनिटरी (झाड रोगकीडमुक्त असल्याचं) प्रमाणपत्र लागतं. माती लागलेली तर मुळीच नको. 'दोनच तर आहेत' असं सगळेच म्हणतात, पण कूज, सूत्रकृमी, अळ्यांची अंडी हे सगळं दोन कंदांतूनही येतं. वर देवकीताईंनी जे लिहिलंय ते वाचूनही कोणाला बॅगेत कंद टाकावासा वाटणार असेल तर कमाल आहे.

मृणाल_एनजे | १ जून

समजलं, कंद नाही आणणार. आईला काकूंचा प्रतिसाद वाचून दाखवला. तिचं म्हणणं, 'त्यांच्याकडचं वॉकिंग आयरिसचं पिल्लू मिळेल का विचार.'

सुलभाकाकू | १ जून

मिळेल म्हणजे काय, हक्काने न्यावं! मला निरोप कर, पत्ता कळवते.

पल्लवी_नाशिक | १ जून

काकू, ऑनलाइन 'इंद्रधनुषी आयरिस बिया' म्हणून जे मिळतं ते काय असतं? एका पाकळीत सात रंग असलेला फोटो होता. मी मागवल्या, उगवलं ते कसलंसं गवत.

बागेश्री | १ जून

तो फोटो रंगवलेला. तसं फूल जगात नाही. शिवाय नावाच्या जाती बियांपासून जशाच्या तशा येतच नाहीत, त्या कंदापासूनच वाढवतात. बिया विकणारा 'हीच जात, हाच रंग' असं सांगत असेल तर तिथेच थांबायचं.

ऑलिव्हग्रीन | २ जून

धागा वाचून श्रीनगर आठवलं. यजमान फौजेत, आमचा मुक्काम तिथे असताना एप्रिल-मे महिन्यात पहिल्यांदा आयरिस पाहिला, तोही बागेत नाही, कबरस्तानात. काश्मीरमध्ये कबरींवर आयरिस लावायची जुनी चाल आहे. पांढरा असतो तो आयरिस काश्मिरियाना. आजूबाजूला जांभळेही असतात. कोणी पाणी घालत नाही, खत घालत नाही, आणि दर वसंतात सगळा उतार फुलतो.

जुन्या घरांची छपरं मातीची असायची, भूर्जाच्या सालीवर मातीचा थर. त्या मातीत आयरिस आणि ट्युलिप उगवत. आता बहुतेक पत्र्याची छपरं झाली. पुढे जूनमध्ये गुलमर्गला गेलो तर कुरणात गवताबरोबरीने बुटका निळा आयरिस, पाकळ्यांवर गडद ठिपके. तो हुकेरियाना, हिमालयातला. तेव्हा सुलभाकाकू म्हणतात ते अगदी खरं, भारतात आयरिस बघायचा तर हिमालयात जावं.

मेघा_टोक्यो | २ जून

छपराचं वाचून मला लिहायलाच हवं! जपानमध्येही गवताने शाकारलेल्या छपरांच्या आढ्यावर आयरिस लावायचे. त्या जातीचं शास्त्रीय नावच आयरिस टेक्टोरम, म्हणजे छपरांवरचा. कंद आणि मुळं आढ्यावरची माती धरून ठेवतात. फ्रान्समध्ये नॉर्मंडीतही हीच पद्धत आहे.

आता जून, इथे हानाशोबूचा मोसम. हा आयरिस एनसाटा. याला दाढी नसते, फूल ताटलीएवढं पसरट, जांभळं, पांढरं, शिरा-शिरांचं. मेइजी देवळाच्या आतल्या बागेत याचं शेत आहे आणि होरिकिरीची बाग तर जुने चित्रकार हिरोशिगे यांच्या १८५७ च्या चित्रातही आहे. पाऊस सुरू झालेला असतो, छत्र्या घेऊन लोक रांगेने बघत जातात. नानांचा दाढीवाला पाण्याने कुजतो, याला मात्र फुलायच्या दिवसांत पाणी लागतं. बागांमध्ये तेवढ्यापुरतं वाफ्यात पाणी सोडतात.

मृणाल, तुमच्या अंगणात छपराच्या पन्हळीचं पाणी जिथे पडतं तिथे एनसाटा लावून बघा. माती आम्लधर्मी हवी, चुना नको. आणि तो जून-जुलैत फुलतो, म्हणजे दाढीवाल्यांचा बहर ओसरला की याचा सुरू.

तुषार_एडिसन | २ जून

पाणी साचतं तिथे पिवळा आयरिस पण येतो ना? ओढ्याकाठी किती सुंदर दिसतो. कोणी लावलेलाही नसतो.

देवकी_पेनसिल्वेनिया | २ जून

तोच तर प्रश्न आहे. तो युरोपातला आयरिस स्यूडाकोरस. इथे ओढे, तळी अडवून टाकतो, बाकी काही उगवू देत नाही. कित्येक राज्यांत विकायला बंदी आहे. त्याऐवजी इथला मूळचा निळा आयरिस व्हर्सिकलर लावा, त्यालाही ओल आवडते.

आजीचा_बटवा | ३ जून

अवांतर: फोटोतली पाती बघून मला वेखंड वाटलं! आमच्या परड्यात विहिरीजवळ अशीच होती. बाळंतिणीच्या खोलीत वेखंडाचा वास, बाळाच्या टाळूला वेखंड, गुटीत वेखंडाचा वळसा. हे त्यातलंच का?

निनाद_कृषी | ३ जून

पाती फसवतात. वेखंड म्हणजे ॲकोरस कॅलॅमस, त्याचं कूळ निराळं, फुलाऐवजी कणसासारखा हिरवट दांडा येतो. वेखंडाचं पातं चुरगाळलं की वास सुटतो, आयरिसचं नाही. गुटीत चुकूनही आयरिसचा कंद उगाळू नका, तो पोटात जायला नको.

मेघा_टोक्यो | ३ जून

आजीचा_बटवा, गंमत बघा. ५ मेला इथे मुलांच्या सणाला अंघोळीच्या गरम पाण्यात जी लांब पाती सोडतात ती वेखंडाचीच. पहिल्यांदा सुपरमार्केटमधून जुडी आणली, वास आला आणि मला एकदम आजोळचं न्हाणीघर दिसलं.

शिशिर_सफोक | ३ जून

इंग्लंडहून. आमच्याकडे चिकण माती, पाऊस वर्षभर, तरी दाढीवाले उत्तम येतात. मी रेलवे स्लीपर लावून वाफा फूटभर उचलला, मातीत भरड वाळू-खडी मिसळली. शेखरदादांचा गादीवाफा तो हाच.

जवळच हॅडली गावात बेंटन एंड नावाचं घर आहे. सेड्रिक मॉरिस नावाचे चित्रकार (१८८९-१९८२) तिथे राहायचे, चित्रकला शिकवायचे आणि आयरिसच्या नव्या जाती करायचे. त्यांच्या जातींची नावं 'बेंटन'ने सुरू होतात. रंग चित्रकाराचेच, धुरकट जांभळा, मळकट गुलाबी, ऑलिव्ह. आजकालच्या झालरीदार, भडक जातींपुढे त्या साध्या दिसतात, पण मला त्याच आवडतात. दांडा बारीक, फूल हलकं, वाऱ्यापावसात आडवं पडत नाही. मोठ्या फुलांच्या जातींना काठ्या बांधत बसावं लागतं.

शुभदा_के | ४ जून

मस्त धागा. फ्लॉरेन्सला मे महिन्यात गेलात तर पियाझ्झाले मायकेलअँजेलोच्या शेजारी खास आयरिसची बाग आहे, वर्षातून मोजके आठवडेच उघडी असते. तिथे जगभरच्या नव्या जातींची स्पर्धा भरते. शहराच्या निशाणावर पांढऱ्यावर लाल आयरिस आहे, पण बागेत लाल आयरिस शोधला तर तांबूस, विटकरी, मरून. खरा लाल कुठेच नाही. असं का?

नाना_ओरेगॉन | ४ जून

कारण दाढीवाल्या आयरिसमध्ये गडद लाल रंग देणारं द्रव्यच नाही. त्याचा निळा-जांभळा डेल्फिनिडिनमधून येतो, पिवळा कॅरोटीनॉइड्समधून. गुलाबी मात्र येतो तो लायकोपीनमधून, म्हणजे टोमॅटोला लाल करणाऱ्या द्रव्यामुळे. जांभळ्याखाली पिवळा घातला की मरून, तपकिरी मिळतात. लालभडक काही मिळत नाही. शंभर वर्षांपासून लोक मागे लागलेत.

मृणाल, तुमचं फूल वर्णनावरून 'एडिथ वोलफोर्ड' असावं. बेन हेगर यांची जात, आयरिसच्या जातींना दिलं जाणारं डाइक्स पदक १९९३ मध्ये मिळवलेली. पण अशा रंगसंगतीच्या इतरही जाती आहेत. मूळ पाटी सापडली नाही तर नाव लावू नका. नुसत्या दिसण्यावरून लावलेली नावं पुढे कंदांबरोबर दहा घरी फिरतात आणि सगळा गोंधळ होतो.

मृणाल_एनजे | १७ ऑगस्ट

मंडळी, वाफा उकरला!

शनिवारी पहाटेच सुरुवात केली, नवरा आणि लेक दोघेही मदतीला. अर्ध्याहून जास्त माल म्हातारे, पोकळ कंद होता. दोन गड्ड्यांत देवकीताईंच्या अळीची भोकं होती, एकात खुद्द बाईसाहेब सापडल्या. लेक किंचाळली आणि मग तिनेच सगळे कंद तपासायचं काम मागून घेतलं. मातीच्या खाली एक जस्ताची पाटी निघाली, पेन्सिलने लिहिलेली. पुसट आहे, पण 'एडिथ' एवढं वाचता येतं.

वाफा उंच केला, वरंबे केले, पाठी उघड्या ठेवल्या. शेजारच्या आजींना कंद दिले. त्या म्हणाल्या, 'तिने मलाही देते म्हटलं होतं, राहूनच गेलं.' तरी मोठी बादली भरून उरलेत, एडिसन-मॉन्टक्लेअर भागात कोणाला हवे असतील तर सांगा.

नाना_ओरेगॉन | १७ ऑगस्ट

वा! मधली पाटी सापडली म्हणजे लॉटरीच. जस्तावर पेन्सिलचं लिखाण वर्षानुवर्षं टिकतं, मार्कर उन्हात उडतो. जिथे ती पाटी निघाली त्याच गड्ड्याच्या कंदांना ती लावा, बाकीच्यांना फुलल्यावर बघू.

तुषार_एडिसन | १८ ऑगस्ट

मला हवेत! शनिवारी येऊ का?

चित्रा_शिकागो | २१ मे

पुन्हा वर आणतेय. सांगितलं होतं तसं: न कापलेल्या अर्ध्या वाफ्यात दांडे जास्त आणि जाड आहेत. गल्लीतल्या दोघी येऊन बघून गेल्या. मारामारी झाली नाही.

मृणाल_एनजे | २२ मे

नानांनी सांगितलं होतं तसंच, फुलं थोडी पण पट्ट्याच्या दोन्ही टोकांना. पाटीवालीच फुलली आहे, पिवळी-निळी. आणि अनपेक्षितपणे मधे एक गुलाबी, जी इतकी वर्षं गर्दीत दबून राहिली असणार. आईकडे काकूंच्या पिल्लाला चौथं पिल्लू आलंय. नाना, या दोघींचं बी धरता येईल का?

नाना_ओरेगॉन | २२ मे

येईल. सकाळी, फूल नुकतं उमललेलं असताना करा, मधमाशी यायच्या आत. गुलाबी फुलात बघा, दाढीच्या वर पाकळीसारखी एक कमान आलेली दिसेल. तिच्या खाली परागकोश लपलेला असतो. तो चिमट्याने तोडून घ्या, पांढरी पूड सुटली पाहिजे. आता दुसऱ्या फुलाची तीच कमान बघा. तिच्या टोकाजवळ खालच्या अंगाला एक बारीक ओठ असतो. त्या ओठाच्या आतल्या बाजूला पराग घासायचे, तिन्ही कमानींवर. दांड्याला चिठ्ठी बांधा, आईचं नाव आधी, बापाचं नंतर.

साधलं तर आठवडाभरात फुलाखालचा भाग फुगू लागेल. बोंड आठेक आठवड्यांनी तपकिरी होऊन टोकाला उकलू लागलं की बी काढायचं आणि शरदात पेरायचं. बियांना हिवाळ्याची थंडी लागते. रोपाला फूल यायला त्यानंतर दोन-तीन वर्षं. कोणता रंग येईल ते कोणीच सांगू शकत नाही, आणि तेच बघायला मी दर वर्षी पेरतो.

देवकी_पेनसिल्वेनिया | २२ मे

मृणाल, तुषार, आता तुम्ही दोघेही आयरिसवाले झालात तर प्रेस्बीला गटग (सगळ्यांची भेट) करूया का? अप्पर मॉन्टक्लेअरची प्रेस्बी मेमोरियल आयरिस गार्डन्स, १९२७ पासूनची. टेकडीच्या उतारावर वाफेच वाफे, प्रत्येकाला पाटी, शतकापूर्वीच्या जातींपासून आजच्यांपर्यंत. सध्या ऐन बहर आहे, जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर काही राहत नाही. मृणालला तिची गुलाबी तिथे पाट्यांशी ताडूनही बघता येईल.

तुषार_एडिसन | २२ मे

+१. शनिवार चालेल.

मृणाल_एनजे | २३ मे

शनिवारी सकाळी नऊ वाजता अप्पर माउंटन अव्हेन्यूवरच्या फाटकाशी. ऊन चढायच्या आत बघून होईल. मी पोहे आणि चहाचा थर्मास आणते, गुलाबीचा एक दांडा ओल्या कागदात गुंडाळून आणते. बागेत सामान खायला परवानगी नसेल तर शेजारच्या पार्कात बसू. शिकागो आणि ओरेगॉनवाल्यांसाठी फोटो इथेच टाकते.